नेझुमी की लाँग फेंग : भ्रष्ट अधिकारी खलनायक म्हणून पाहायचा असेल, तर आधी कोणती मालिका?

अद्भुतरम्य साहसमालिकांमध्ये राक्षस, जादूगार आणि जग जिंकायला निघालेले सम्राट पुष्कळ भेटतात. तलवारीपेक्षा ज्याच्या हातातला शिक्का अधिक घातक असतो, असा सरकारी अधिकारी मात्र क्वचितच मन लावून रंगवलेला आढळतो. अशा खलनायकासाठी मला दोन नावे सांगावीशी वाटतात : 'वन पीस'मधील नौदलाच्या 16व्या शाखेचा कॅप्टन नेझुमी, आणि 'अवतार : द लास्ट एअरबेंडर'मधील बा सिंग से या नगरीचा कारभार हाकणारा लाँग फेंग. दोन्ही मालिकांविषयी बरेच ऐकले आहे, पण सुरुवात कोठून करावी हे ठरत नाही, अशा वाचकांना पुढील मजकूर उपयोगी पडेल. कथानकातील महत्त्वाची वळणे सांगितल्याशिवाय ही तुलना करता येणार नाही, हे आधीच नमूद करतो.

प्रथमदर्शनी लाँग फेंगचे पारडे जड वाटते, आणि त्यात काही गैर नाही. नगरीच्या तटाबाहेर शंभर वर्षे युद्ध चालू आहे, पण राजा कुएई याला त्याचा पत्ताच नाही, कारण त्याच्यापर्यंत काय पोहोचावे हे लाँग फेंग ठरवतो. शत्रूचे अजस्र छिद्रयंत्र बाहेरच्या तटाला भिडते, तरी राजवाड्यात त्याची वार्ताही पोहोचत नाही. दाई ली हे संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली काम करणारे गुप्त पोलीस दल त्याच्या शब्दावर चालते. निर्वासितांच्या गजबजलेल्या खालच्या वस्तीत कोणी युद्धाचा उच्चार केला, तर तो माणूस दिसेनासा होतो. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला युद्धाविषयी विचारले असता त्याच्या चेहऱ्यावर जी भीती उमटते, ती या संपूर्ण भागातली मला सर्वांत खरी वाटलेली गोष्ट आहे. क्लॅन्सी ब्राऊन यांच्या खर्जातल्या आवाजामुळे लाँग फेंगची सभ्य धमकीसुद्धा अंगावर येते. राजासमोर त्याचे खोटे उघडे पडते तो प्रसंगही मोठ्या चतुराईने रचलेला आहे : मालिकेच्या नायकाचा आप्पा हा उडता बैल आपण कधी पाहिलाच नाही असे तो सांगतो, आणि त्याच आप्पाच्या दातांचा वण त्याच्या पायावर निघतो.

नेझुमी याच्या तुलनेत अगदी किरकोळ. त्याच्या वाट्याला येणारा वेळ थोडा, आणि उंदराच्या मिशा व कान असलेल्या टोपीमुळे तो पडद्यावर येताक्षणी लबाड आहे हे कळून चुकते. पाहणाऱ्याला संशय घेण्याची संधीच मिळत नाही, हे त्या पात्राचे उणेपण मी मान्य करतो.

तरीही माझा कौल हळूहळू नेझुमीकडे झुकत गेला. त्याचे कारण लाँग फेंगच्या कथेतील एका गोष्टीत आहे, जी मला प्रत्येक वेळी खटकते. ती गोष्ट म्हणजे संमोहन. लाओगाई सरोवराखालच्या तळघरात माणसाला खुर्चीला जखडून, भोवती फिरणारा दिवा दाखवून त्याची बुद्धी पुसली जाते. जू डी हे एकच नाव धारण करून हसतमुखाने पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या स्त्रिया तेथेच घडवल्या जातात, आणि जेटसारखा बंडखोर तरुणही तेथूनच परक्याच्या हातचे बाहुले होऊन बाहेर पडतो. प्रसंग परिणामकारक आहेत. जेटचा शेवट पाहताना मलाही गलबलून आले. परंतु ज्या नगरीत भीतीने माणसे आधीच गप्प बसलेली आहेत, तेथे या दिव्याची गरज काय होती? संमोहन आले की हाताखालच्या माणसाची जबाबदारी संपते, आणि भ्रष्ट अधिकारी हा अधिकारी न राहता आणखी एक मांत्रिक होतो. एखाद्या दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला हे पटणे अवघड जाते. मला ज्यांनी टेबलाटेबलावर फिरवले, त्यांच्यापैकी कोणीही भारलेला नव्हता. प्रत्येकाला आपण काय करत आहोत ते नीट ठाऊक होते.

नेझुमीच्या कथेत नेमकी ही जाण आहे. कोकोयाशी गावावर आर्लाँग या मत्स्यमानव चाच्याची आठ वर्षे सत्ता आहे. मोठ्या माणसामागे दरमहा 1 लाख बेरी (या मालिकेतले चलन) आणि मुलामागे 50 हजार, असा जगण्याचा कर तो वसूल करतो. 10 कोटी बेरी दिल्यास गाव मोकळे करीन, असे वचन त्याने याच गावातल्या नामी या मुलीला दिलेले आहे, आणि पैशाच्या व्यवहारात आपण शब्द मोडत नाही याचा त्याला अभिमान आहे. नामी लहानपणापासून चोऱ्या करून 9 कोटी 30 लाख जमवते. मग नेझुमी शिपायांसह येतो, हा पैसा चोरीचा असल्याने सरकारजमा होणार असे जाहीर करतो आणि संत्र्यांच्या बागेत पुरलेली सगळी रक्कम उकरून काढतो. आडवी आलेली नामीची बहीण नोजिको गोळी लागून जखमी होते.

या प्रसंगाची बांधणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. नेझुमी जे बोलतो त्यात कायद्याच्या दृष्टीने खोटे काहीच नाही. पैसा खरोखरच चोरीचा आहे. त्याच किनाऱ्यावर गावेच्या गावे लुटणारा चाचा मोकळा आहे आणि कायदा मात्र एका मुलीच्या बागेत कुदळ घेऊन उतरला आहे, एवढ्यावरूनच लाचेची गोष्ट उघड होते. नामी जाब विचारायला जाते, तेव्हा मी शब्द कधी मोडला, असे आर्लाँग तिलाच उलट विचारू शकतो. त्याला वचनभंगाचे पाप स्वतःच्या हातांनी करावे लागू नये, म्हणून त्याने सरकारी अधिकारी पदरी बाळगला आहे. गावाच्या बाजूला गेन्झो हा प्रामाणिक पोलीस अंमलदारही आहे, आणि आर्लाँगशी लढायला आलेले नौदलाचे दुसरे एक जहाज याच कथेत बुडवले जाते. त्यामुळे वर्दी घातलेला प्रत्येकजण वाईट, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. घरातल्या मुलांबरोबर हे भाग पाहिले तेव्हा त्यांचा राग आर्लाँगपेक्षा नेझुमीवरच अधिक निघाला, आणि मला वाटते तो योग्य माणसावर निघाला.

दोघांच्या शेवटांतही फरक आहे. लाँग फेंगचा डाव शत्रूची राजकन्या अझुला उलटवते, दाई लीचे लोक उघड्या डोळ्यांनी तिच्या बाजूला जातात (संमोहनाशिवायही ही कथा उभी राहिली असती, याचा हा उत्तम पुरावा), आणि त्यानंतर मालिका त्याच्याकडे वळून पाहत नाही. नेझुमीला मार बसतो, नामीचा पैसा परत करण्याचे आणि उद्ध्वस्त गोसा गावाच्या उभारणीला हातभार लावण्याचे कबूल करावे लागते. पण त्याची खुर्ची शाबूत राहते. त्याच खुर्चीवरून तो मुख्यालयाला कळवतो आणि आर्लाँगला हरवणारा मालिकेचा नायक लुफी याच्या डोक्यावर 3 कोटींचे इनाम लागते. आर्लाँगवरचे इनाम होते 2 कोटी.

'अवतार'चा पूर्ण पट 61 भागांत आटोपतो, तर 'वन पीस'चे हजाराहून अधिक भाग झाले असून गोष्ट अजून चालूच आहे, ही अडचण अनेकांना निर्णायक वाटेल, आणि ज्यांना एक कथा सलग पाहून संपवायची आहे त्यांनी बा सिंग सेचाच रस्ता धरावा. मात्र केवळ या एका खलनायकासाठी पाहायचे असेल, तर 'वन पीस' संपवण्याची गरज नाही. अॅनिमे मालिकेतील 31 ते 44 हे भाग पुरेसे आहेत. त्याआधीचे भाग पाहिलेले असल्यास नामीचे वागणे अधिक उलगडते. माझ्या मते प्रारंभ तेथून करावा, आणि लाँग फेंगकडे त्यानंतर सवडीने वळावे.