इंटरॅक्शन की इन्फॉर्मेशन आर्किटेक्चर? एकच इलेक्टिव्ह घ्यायचं असेल तर

सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन पवईला आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात दोन वर्षं काढू शकणाऱ्यांसाठी हे नाही. सोलापुरात राहून, नोकरी सांभाळून ऑनलाइन पदव्युत्तर डिझाइन करणाऱ्यांसाठी आहे. मी आधी इंटरॅक्शनचा, म्हणजे ॲपमधली बटणं नि हालचाली कशा चालाव्यात हे करून शिकायचा स्टुडिओ घेतला, पुढच्या सत्रात इन्फॉर्मेशन आर्किटेक्चर (आयए), म्हणजे माहिती कशी विभागायची आणि तिला काय नावं द्यायची याचा विषय.

स्टुडिओत मजा जास्त, हे कबूल. फिट्सचा नियम १९५४ चा, पण लहान आणि लांबचं बटण दाबायला का वेळ लागतो, हे स्वतःचा अंगठा चार वेळा चुकल्यावरच पटतं. दर आठवड्याला हलणारं, दाखवण्याजोगं काहीतरी हातात येतं. पुण्यात मुलाखतीला गेलात तर समोरचा बहुधा तेच बघेल. आयएच्या शेवटी काय, तर एक एक्सेल शीट आणि विभाग-उपविभागांचं उलटं झाड. आई म्हणाली, "एवढ्यासाठी रात्री जागत होतास?"

माझं बिनसलं ते एका बटणावरून. चाटी गल्लीतल्या मामाच्या टॉवेल-चादरीच्या दुकानासाठी ॲप करत होतो. बटणावर 'ऑर्डर नक्की करा' लिहिलं, तर मजकूर दोन ओळींत तुटला आणि 'ऑर्डर'चा रफार वरून छाटला गेला. वाटलं, आता यावर चर्चा होईल. सर म्हणाले, "सध्या इंग्रजीच राहू दे, फ्लो बघू." पुढचे तीन आठवडे ते बटण किती मिलिसेकंदांत सरकावं यावर गेले. सत्राचं वेळापत्रक बघता सरांचंही चुकलं नसेल, आणि सगळे स्टुडिओ असेच असतील असंही नाही. पण मामा इंग्रजी बटण दाबणारच नव्हता. माझं मन उडालं ते तिथेच.

आयएत शब्द 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवताच येत नाहीत. कार्ड सॉर्टिंगला (वस्तूंच्या नावांची कार्डं देऊन लोकांना गठ्ठे पाडायला सांगतात) पंधरा माणसं पुरेत, असं वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००४ साली सुचवलं; मला अकराच मिळाली, तीही शटर अर्धं ओढून, चहा पाजून. मी मालाची विभागणी प्रकार, माप, रंग अशी करून ठेवली होती. दिवाणजींनी कार्डं हातात घेतली आणि पाच मिनिटांत तीन गठ्ठे पाडले: आहेराचं, लॉजचं, घरचं. टॉवेल आणि टोपी एकाच गठ्ठ्यात! माझ्या झाडात त्या दोघांची गाठच पडत नव्हती. सबंध स्टुडिओत मला असा धक्का एकदाही बसला नाही.

ॲप कंपनीतच जायचं ठरलं असेल, तर इंटरॅक्शन घ्या, मी अडवणार नाही. फक्त पहिल्याच तासाला विचारून घ्या, प्रोटोटाइप, म्हणजे ॲपचा कच्चा नमुना, मराठीत केला तर चालेल का. "सध्या" या शब्दाने उत्तर सुरू झालं, तर इलेक्टिव्ह बदलायची शेवटची तारीख बघून ठेवा.