नागपूरच्या फुटाळा तलावावर बग्गीत बसणार असाल तर आधी हे वाचा

मागच्या रविवारी मुंबईची आत्या आली होती, सोबत तिचे दोन नातू. तेलंगखेडीच्या हनुमान मंदिरातून तसेच फुटाळ्यावर गेलो, भुट्टे खाल्ले, आणि तिथं लाइटिंगवाली बग्गी दिसली तशी आत्या एकदम खूश. तरुणपणी ती गेटवेजवळून व्हिक्टोरिया घोडागाडीत बसायची, पण २०१५ मधे हायकोर्टानं त्या बेकायदेशीर ठरवून वर्षभरात बंद करा म्हटलं, मग २०२१ ला तशाच दिसणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आल्या पण आत्या म्हणते घोड्याशिवाय कसली आली व्हिक्टोरिया.

मी विचारलं कितने का राउंड, तो म्हणे "सौ रुपया, बैठो भैया." पोट्टे तोवर चढले पण होते. सौ रुपये कशाचे, हे मी विचारलंच नाही, इथंच फसलो.

गादीचं मखमल फाटून फोम बाहेर आलेला, पायाशी जुनी बॅटरी, तिच्यावरच सगळी लाइटिंग. तेवढ्यात एक पोरगा पळत आला, "मोबाइल दो भैया, फोटो निकाल देता." दिला. थोडं पुढं जाऊन बग्गी वळली, पाच मिनिटंही झाली नसतील बाप्पा.

उतरल्यावर हिशोब ऐका. सौ रुपये माणशी, चार जणांचे चारशे, लहाना पोट्टा मांडीवर बसला तरी त्याचं फुल तिकीट. जायचे वेगळे, यायचे वेगळे, झाले आठशे. लाइटिंगचे शंभर. फोटो दहा रुपयाला एक आणि त्या पोरानं बटन दाबूनच धरलं होतं, २४ फोटो! एकूण ११४०, आणि माझा मोबाइल अजून त्याच्याच हातात.

मी भांडलो, तर आणखी दोन-तीन बग्गीवाले जमले, दम वगैरे नाही हं, एकदम गोड, "घोडे का दाना कितना महंगा हो गया भैया." त्या घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, दाणा कोण खाऊन राहिलं देव जाणे. शेवटी आत्या म्हणाली दे रे बाळा, तमाशा नको. ७०० वर मिटलं, त्यातही स्कॅनर नाही, कॅशच पाहिजे, म्हणून आत्याच्याच पर्समधून काढावे लागले, लाज वाटली.

सगळेच तसे नसतील, पण पोट्टे चढायच्या आधी विचारा, पैसे पूर्ण बग्गीचे का माणशी, कुठून वळणार, जाऊन-येऊन मिळून ना. आणि मोबाइल कोणाच्या हातात देऊ नका.

घरी येऊन फोटो पाहिले, २४ पैकी १९ मधे घोड्याचा तुरा आणि आत्याचं अर्धं डोकं.