स्विफ्टची उंची कमी करून पस्तावले, मग तुर्भ्याचं हे गॅरेज सापडलं

मी नेरूळची. माझी स्विफ्ट रोज ऑफिसला जाते आणि वर्षातून दोन-तीनदा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर. आधी एकाकडून 40 मिमी खाली बसणाऱ्या स्प्रिंगा टाकून घेतल्या होत्या. गाडी दिसायला देखणी झाली, पण वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलायला लागली आणि तोंड बाहेर पळायला लागलं.

तुर्भे एमआयडीसीतल्या या छोट्या अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणाऱ्या) गॅरेजमधल्या काकांनी आधी मशीनला हातही लावला नाही. गाडी रॅम्पवर घेतली आणि म्हणाले, "ताई, लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा हा खालचा दांडा, बघा. चाकाकडचं टोक वर गेलंय."

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असला की इथेच गोची होते. आर्म असा उलटा कलला की गाडी जेवढी खाली येते त्याहून जास्त रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, खाली जातं. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर वाढतं आणि तेवढीच गाडी जास्त कलते. शिवाय चाक वर दबताना मिळायचा तो उणे कॅम्बरही (चाकाचं डोकं आत झुकणं) उलट सुटत जातो. माझे पुढचे टायर बाहेरच्या कडेला का खाल्ले गेले, ते तेव्हा कळलं.

काकांनी फक्त 20 मिमी खाली बसणाऱ्या, पण कडक स्प्रिंगा सुचवल्या. मग हा झुकाव बदलू देणारे कॅम्बर बोल्ट टाकून पुढे उणे 2 अंश. मी तीन मागत होते. "ट्रॅकवर वर्षाचे चार दिवस, बाकी सगळे पाम बीच रोडवर. सरळ रस्त्यावर टायर आतल्या कडेवरच टेकला तर ब्रेक कुठून लागणार?" पटलं. कॅम्बर हलवला की टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बदलतो, म्हणून टो सगळ्यात शेवटी, तोही मला सीटवर बसवून, शून्यावर. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा; तिथे कोन बदलायला शिम (पातळ चकत्या) लावून मिळाल्या असत्या. पण "आधी पुढचं चालवून बघा" म्हणून त्यांनी तो खर्च वाचवला.

करीवर प्रत्येक फेरीगटानंतर टायरचं तापमान तीन ठिकाणी मोजलं. आधी बाहेरची कड खूप जास्त तापायची, आता तिन्ही आकडे जवळजवळ आले. लांब वळणात गाडी आता मी वळवते तिथेच जाते, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

गैरसोयी आहेत. पाच तास लागले, बसायला जागा नाही, बायकांसाठी शौचालय नाही. मजुरी साडेचार हजार, पार्ट वेगळे. 2,000 किमी झाल्यावर टायरची आतली कड तपासायला बोलावलंय, त्याचे पैसे घेणार नाहीत.