पन्नाशीनंतरची रोजगार नोंदणी: रास्ता पेठेतील केंद्राच्या सेवेविषयी

पुण्याच्या रास्ता पेठेतील जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला आमची पिढी अजूनही एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणते. तेथील सेवेबद्दल पन्नाशी ओलांडलेल्या, उच्चशिक्षित उमेदवाराच्या बाजूने लिहिलेले काही मला शोधूनही सापडले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. मत आधीच सांगते. नोंदणी अवश्य करावी आणि समुपदेशकाची भेट आवर्जून मागून घ्यावी. मात्र नोंदणी झाली म्हणजे नोकरी चालून येईल किंवा महिन्याला काही भत्ता सुरू होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. आमच्यासारख्यांची जी अडचण होते, तिचे मूळ टेबलापलीकडे बसलेल्या माणसांत नसून कायद्यांच्या आणि योजनांच्या आखणीत आहे.

माझे वय ५२ आहे. धातुशास्त्रात एम.टेक. झाल्यानंतर आजवरची सगळी नोकरी मी भोसरी आणि चाकण पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गुणवत्ता विभागात केली. उष्णतोपचार केलेल्या गिअरचा नमुना कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे संपूर्ण प्रयोगशाळा माझ्याकडे आली. कंपनीने पुण्यातील विभाग दुसऱ्या राज्यात हलवला तेव्हा कनिष्ठ सहकाऱ्यांपैकी अनेकांना तिकडे बोलावले गेले आणि माझ्या स्तरावरची पदे रद्द झाली.

अशा वेळी कोणता सरकारी आधार मिळू शकतो याची चौकशी केली, तेव्हा एकेक दार वरच्या पगारामुळे बंद असल्याचे लक्षात आले. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ रोजी सुरू झाली आणि नोकरी गेलेल्या विमाधारकाला तिच्यातून जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत सरासरी दैनिक कमाईच्या निम्मी रक्कम मिळू शकते. पण या विम्याची वेतनमर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये असल्यामुळे त्याहून अधिक पगार असणारा माणूस मुळात विमाधारकच नसतो. पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्यातील आणि आता त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतील नोकरकपातीची भरपाई ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे, व्यवस्थापकासाठी नाही. वि. स. पागे यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाला वाट दाखवली, याचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र ती हमी ग्रामीण भागातील अकुशल श्रमाच्या कामाची होती. शहरातल्या शिकलेल्या, वय झालेल्या बेरोजगारासाठी राहते ते रोजगार केंद्राची नोंदणी आणि स्वतःची साठवण. म्हणूनच या नोंदणीकडून नेमके काय मिळते, हे समजून घेणे महत्त्वाचे वाटते.

नोंदणी राज्य सरकारच्या महास्वयम संकेतस्थळावर होते आणि ती विनाशुल्क आहे. आधार क्रमांक आणि चालू मोबाईल क्रमांक लागतो, त्यावर आलेला ओटीपी भरल्यावर खाते उघडते, मग शिक्षण, कौशल्ये आणि अनुभव यांची माहिती भरून नोंदणी क्रमांक मिळतो. तरुण मुलामुलींचा हा अर्ज चटकन भरून होत असेल. आमच्या वयाच्या माणसाने मात्र तो भरण्यापूर्वी कागदपत्रांची फाईल समोर घेऊन बसावे, कारण पदवीचे वर्ष, पदव्युत्तर प्रमाणपत्र, प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची व कार्यमुक्त झाल्याची तारीख हे सगळे एकमेकांशी जुळले पाहिजे. जुन्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव वेगळे असणे ही लग्नानंतर नाव बदललेल्या माझ्या पिढीतील असंख्य स्त्रियांची स्थिती आहे, आणि राजपत्रातील नावबदलाची प्रत किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाताशी असल्यास पुढची बरीच धावपळ वाचते.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे समुपदेशकाची भेट. मी गेले तेव्हा बाकावर बसलेले बहुतेक उमेदवार विशीतले होते, कोणी आयटीआयचे, कोणी नुकतेच पदवीधर, आणि त्यांच्यात मला पाहून शिपायाने पालक समजून ‘मुलाचा नंबर काय’ असे आपुलकीने विचारले. समुपदेशक बाईंनी माझा बायोडाटा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. असे वाचणारी व्यक्ती त्या काळात मला क्वचितच भेटली होती. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारले, “मॅडम, यातलं कोणतं काम तुम्हाला पुन्हा करायचं नाही?” पदनामे, पगार, अपेक्षा यांविषयी सगळेच विचारतात. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तर देताना माझे मलाच स्पष्ट होत गेले की, रात्री-अपरात्री येणारे ग्राहक कंपन्यांचे तक्रारीचे फोन आणि मासिक आकड्यांच्या बैठका मला नको आहेत, पण नमुना तपासणे, दोषाचे मूळ शोधणे आणि नव्या मुलांना ते शिकवणे मला आजही तितकेच हवे आहे.

त्यानंतर त्यांनी बायोडाटाची मांडणीच बदलायला सांगितली. वर्षानुवर्षांची पदे उतरत्या क्रमाने लिहिण्याऐवजी कामांनुसार गट करावेत: उष्णतोपचारातील दोषांचे विश्लेषण, आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगातील गुणवत्ता मानकाच्या प्रमाणनाची तयारी, प्रयोगशाळेची उभारणी, प्रशिक्षण. हा सल्ला मला फार उपयोगी पडला, कारण त्यामुळे वाचणाऱ्याची नजर आधी वयावर न जाता कामावर जाते.

पदवी लपवावी का, हा प्रश्न मी त्यांना सरळ विचारला. ओळखीच्या अनेकांनी मला एम.टेक. खोडून नुसती पदविका दाखवण्याचा सल्ला दिला होता, जेणेकरून ‘ओव्हरक्वालिफाइड’, म्हणजे जागेच्या मानाने जास्त शिकलेली, हा शेरा बसणार नाही. बाईंचे उत्तर ठाम होते आणि मलाही तेच पटते. सरकारी नोंदणीत शिक्षणाची खरी माहिती भरायची असते. तेथे एक आणि कंपनीला दिलेल्या कागदावर दुसरे, असे झाले की पडताळणीच्या वेळी संशय उमेदवारावरच येतो. शिवाय भविष्य निर्वाह निधीचा युएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते क्रमांक, दिला की मागच्या नोकऱ्यांचा माग मिळतोच. जास्त शिक्षण हा दोष असल्यासारखे वागायचे नाही, फक्त मागितलेल्या कामासाठी त्यातले काय उपयोगी आहे एवढेच पुढे ठेवायचे.

तरीही ‘ओव्हरक्वालिफाइड’ हा शब्द टाळता येत नाही. राज्याचा कौशल्य विभाग पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळावे भरवतो आणि नोंदणीकृत उमेदवारांना त्यांची माहिती मिळते. अशा एका मेळाव्यात एका कंपनीच्या टेबलाशी बसलेल्या तरुणाने माझा कागद पाहून अतिशय नम्रपणे सांगितले, “मॅडम, तुम्ही आमच्या प्लांट हेडपेक्षा सीनिअर आहात, तुम्हाला आम्ही काय विचारणार?” त्याच्या बोलण्यात अनादर नव्हता. पण निरीक्षकाच्या जागेसाठी मी तयार आहे, पगाराचा आकडा मला मान्य आहे आणि पाळीत काम करण्याचीही तयारी आहे, हे तीनदा सांगूनही त्याने माझा कागद बाजूच्या वेगळ्या ढिगाऱ्यात ठेवला. मनुष्यबळ विभागांचा हा समज फार खोलवर रुजला आहे की, अनुभवी माणूस कमी पगारावर टिकणार नाही किंवा तरुण वरिष्ठाचे ऐकणार नाही. त्यावर माझा उपाय एवढाच, की अर्जासोबत चार ओळींचे पत्र जोडावे आणि ही जागा मला का हवी आहे, किती वर्षांसाठी हवी आहे, हे त्यात स्वतःहून लिहावे. विचारले जाण्याची वाट पाहू नये, कारण बहुतेक ठिकाणी विचारतच नाहीत.

आता कायद्याविषयी, कारण या केंद्राकडून नोकरी ‘लागते’ असा समज अजून घरोघरी आहे. रोजगार केंद्रांना रिक्त पदे कळवणे सक्तीचे करणारा कायदा १९५९ सालचा होता. २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापनांनाही तो लागू झाला. मात्र पद कळवले म्हणजे केंद्राने पाठवलेल्या उमेदवारालाच नेमले पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने मालकावर घातलेले नव्हते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ही संख्या २० वर आणली गेली आणि केंद्रांना करिअर सेंटर हे नाव मिळाले, पण नेमणुकीबाबतची भूमिका तीच राहिली. सरकारी नोकऱ्यांच्या बाबतीतही १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या यादीबरोबरच वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन सर्वांना संधी द्यावी, असा निर्णय दिला. आणि राज्य शासनाच्या भरतीची कमाल वयोमर्यादा साधारणतः खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागासवर्गीयांसाठी ४३ असल्यामुळे माझ्या वयाच्या उमेदवारासाठी तो मार्ग तसाही संपलेला असतो. केंद्रातील कर्मचारी हे सगळे जाणतात आणि विचारल्यास स्पष्ट सांगतात, ही गोष्ट मला त्यांच्या बाजूने नोंदवावीशी वाटते.

माझा खरा आक्षेप योजनांच्या वयोगटांवर आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन देणारी ही चांगली योजना १८ ते ३५ वयोगटासाठी आहे. दुसऱ्या टोकाला केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२१ रोजी ज्येष्ठांना पुन्हा काम मिळवून देण्यासाठी ‘सेक्रेड’ हे संकेतस्थळ सुरू केले, ते ६० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. मधली जवळजवळ पंचवीस वर्षे, ज्या काळात घराचे हप्ते चालू असतात, मुले कॉलेजात असतात आणि आईवडिलांचे औषधपाणी वाढलेले असते, त्या वयोगटासाठी अशी खास योजना नाही. पुण्यासारख्या शहरात, जेथे वाहन उद्योगातील बदलांमुळे अनुभवी माणसे मोठ्या प्रमाणावर कमी केली जातात, तेथे ही पोकळी ठळकपणे जाणवते. केंद्राने मेळाव्यात चाळिशीपुढील उमेदवारांसाठी एक स्वतंत्र टेबल ठेवले आणि अनुभवी माणसे घेण्यास तयार असलेल्या लहान व मध्यम उद्योगांना तेथे बोलावले, तरी पुष्कळ काम होईल. भोसरीतील छोट्या फाउंड्रीला पूर्ण वेळ प्रयोगशाळाप्रमुख परवडत नाही, पण आठवड्यातून दोन दिवस येणारा जाणकार निश्चितच हवा असतो. अशी गाठ घालून देणे हे खाजगी संकेतस्थळापेक्षा सरकारी केंद्रालाच अधिक शोभणारे काम आहे.

खाजगी एजन्सींविषयी एक सावधगिरीची सूचना करते. महास्वयमवरील नोंदणीनंतर काही काळाने एका एजन्सीचा मला फोन आला. माझ्या अनुभवाची तोंड भरून स्तुती झाली, परदेशी कंपनीतील पदाचा उल्लेख झाला आणि शेवटी ‘प्रोफाईल पडताळणी’साठी पैसे मागितले गेले. मी दिले नाहीत. सरकारी नोंदणी, राष्ट्रीय करिअर सेवेचे २०१५ पासून चालू असलेले संकेतस्थळ आणि मेळाव्यातील प्रवेश यांपैकी कशालाही उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत, हे नोकरीच्या विवंचनेत असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

समुपदेशनातूनच पुढचे दोन मार्ग मला मिळाले. एक म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणे, आणि दुसरा, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून रूढ केलेले ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद, ज्यासाठी आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा, शक्यतो वरिष्ठ स्तरावरचा अनुभव लागतो. जो अनुभव मेळाव्यातील टेबलावर अडथळा ठरला, तोच येथे पात्रता ठरतो. सध्या मी एका संस्थेत तासिका तत्त्वावर धातुपरीक्षण शिकवते. मानधन पूर्वीच्या पगाराच्या जवळपासही जात नाही, तरी काम माझ्या विषयाचे आहे.

पैशांच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट. नोकरी सुटल्यावर भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात कार्यमुक्तीची तारीख भरली गेली आहे का, ते लगेच पाहावे. मालकाने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती स्वतः ऑनलाइन भरता येते. दहा वर्षे सेवा झालेल्यांना ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळते आणि ५० नंतर ते लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती कायमची राहते, तेव्हा हातघाईवर आल्याशिवाय तो अर्ज करू नये.

केंद्रात जाताना मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या प्रती, आधार, कार्यमुक्तीचे पत्र आणि बायोडाटाच्या दोन प्रती न्याव्यात. भेट शक्यतो सकाळी, मेळाव्याचा आठवडा टाळून ठरवावी, म्हणजे समुपदेशकाला निवांत वेळ देता येतो. मोबाईल क्रमांक किंवा ईमेल बदलला तर तो खात्यात त्याच दिवशी दुरुस्त करावा, कारण मेळाव्याचे आणि मुलाखतीचे निरोप त्यावरच येतात.