नव्व्याण्णव पाउंडांचे ‘वॉटरप्रूफ’ सेलिंग बूट

साउथॅम्प्टन आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधल्या सोलंट सामुद्रधुनीत मार्च महिन्यात पाण्याचे तापमान आठ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि वारा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वाहू लागला की बोटीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, उसळलेले पाणी थेट कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोलगट जागेत, येऊन पडते. मुंबईच्या बंदरात साध्या कॅनव्हासच्या बुटांवर सेलिंग केलेल्या माणसाला इथे पहिली खरेदी करावी लागते ती उबदार, जलरोधक, पोटरीपर्यंत येणाऱ्या बुटांची. चांगल्या चामडी सेलिंग बुटांची किंमत तीनशे पाउंडांच्या घरात जाते, नवशिक्याला ती जड वाटते, आणि नेमके तिथेच काही लोक गळ टाकून बसलेले असतात.

मला जी जाहिरात दिसली ती एका किनारी गावातल्या जुन्या, घरगुती नौकासामानाच्या दुकानाची होती. मालक दांपत्य निवृत्त होत असल्यामुळे उरलेला माल पडेल त्या भावात विकत आहे, असा भावपूर्ण मजकूर होता, सोबत दोघांचे हसरे छायाचित्र होते आणि पत्त्याच्या शेवटी ‘डॉट को डॉट यूके’ होते. दोनशे ऐंशीचे बूट नव्व्याण्णव पाउंडांना मिळत होते. वर्णनात पूर्ण चामडे, आत श्वास घेणारा जलरोधक पडदा, लोकरी अस्तर आणि डेकवर न घसरणारा तळ, असे सारे काही होते.

पार्सल चीनमधून आले. बूट दिसायला छायाचित्राच्या जवळ जाणारे होते, पण वरचे कातडे कृत्रिम, अस्तर पॉलिस्टरच्या केसाळ कापडाचे आणि तळ काळ्या कडक रबराचा, जाड खाचांचा होता. खऱ्या सेलिंग बुटाच्या तळाला वस्तऱ्याने चिरल्यासारख्या बारीक रेघा असतात. पाऊल टेकताच त्या उघडतात, त्यांतून पाणी बाजूला सरते आणि रबर डेकला धरून राहते. शिवाय त्या रबराचा डाग पडत नाही. माझ्या बुटांनी पांढऱ्या डेकवर काळे ओरखडे उठवले आणि ओल्या उतारावर ते घसरू लागले, तेव्हा कप्तानाने मला उरलेला वेळ कॉकपिटमध्येच बसवून ठेवले. त्यांचे म्हणणे रास्तच होते.

पाणी आत शिरायला फार वेळ लागला नाही. चामडी बुटाचा जलरोधकपणा चामड्यावर अवलंबून नसतो. बाहेरचे चामडे भिजतेच. आतल्या बाजूला मोज्यासारखा शिवलेला आणि शिवणींवरून पट्टी लावून बंद केलेला पडदा पाणी अडवतो. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा मोठी असतात, त्यामुळे घामाची वाफ बाहेर जाते आणि समुद्र आत येत नाही. माझ्या बुटात असा पडदा नव्हताच. जिभेच्या दोन्ही कडांच्या शिवणींतून पाणी आले आणि ते केसाळ अस्तर भिजल्या गोधडीसारखे जड होऊन रात्रभर ओलेच राहिले. घरी वर्तमानपत्र अंथरून बुटात घोट्यापर्यंत पाणी ओतले, तर शिवणीखालचा कागद थोड्याच वेळात भिजला. ही परीक्षा बोटीवर जाण्यापूर्वी कोणालाही न्हाणीघरात करता येईल, फक्त त्यानंतर बूट रेडिएटरवर वाळवू नयेत.

पुढचा पत्रव्यवहार मला या प्रकारातला सर्वांत शिकवून जाणारा भाग वाटतो. तक्रारीला उत्तर तत्काळ आणि अत्यंत नम्र आले: बूट ठेवून घ्या, वीस टक्के परत देतो. नकार दिल्यावर तीस टक्के, मग चाळीस. परत पाठवायचे असतील तर चीनपर्यंतचा खर्च तुमचा, आणि तो खर्च बुटांच्या किमतीच्या जवळ जाणारा. ऑनलाइन खरेदी माल मिळाल्यापासून १४ दिवसांत रद्द करण्याचा हक्क ब्रिटनमध्ये २०१३ च्या नियमांनी दिला आहे, आणि परतीचा खर्च ग्राहकाचा आहे हे आधी सांगितले नसेल तर तो विक्रेत्यावर पडतो. सदोष माल ३० दिवसांत नाकारण्याचा हक्क २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात आहे. नम्र पत्रांची ही मालिका या मुदती उलटून जाव्यात यासाठीच चालवली जाते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

किमतीचा आकडाही सहज पडलेला नसावा. १९७४ च्या ब्रिटिश ग्राहक कर्ज कायद्यातील कलम ७५ नुसार क्रेडिट कार्डावर घेतलेल्या १०० पाउंडांहून अधिक आणि ३०,००० पाउंडांपर्यंतच्या वस्तूसाठी विक्रेत्याबरोबर बँकही जबाबदार धरता येते. नव्व्याण्णवला ते कलम लागू होत नाही. उरतो तो चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे आपल्या बँकेमार्फत विक्रेत्याकडून परत मागणे. तो कायद्याने दिलेला हक्क नसून कार्ड कंपन्यांच्या नियमांतली सोय आहे, डेबिट कार्डालाही मिळते आणि तिची मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते. थेट बँक हस्तांतराने पैसे दिले असते तर हा मार्गही बंद होता.

बँकेकडे मी जाहिरातीचे जतन केलेले चित्र, बुटाच्या आतल्या ‘पॉलिस्टर’ लिहिलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र, पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता आणि सर्व पत्रे दिली. वर्णनात लोकर आणि चिठ्ठीवर पॉलिस्टर, एवढ्या एका विसंगतीवर निकाल माझ्या बाजूने लागला. पाणी गळते हे सिद्ध करण्याची वेळच आली नाही. ‘डॉट को डॉट यूके’ हे नाव जगातून कोणीही घेऊ शकतो, आणि ते कधी नोंदले गेले हे अशा ब्रिटिश नावांची नोंद ठेवणाऱ्या नॉमिनेट या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. त्या ‘जुन्या’ दुकानाचे नाव जाहिरातीच्या थोडेच दिवस आधी नोंदलेले होते. नोंदणीकृत ब्रिटिश कंपनीला आपला क्रमांक संकेतस्थळावर द्यावाच लागतो आणि तो कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या नोंदीत पडताळता येतो. तिथे असा क्रमांकच नव्हता.

परत आलेल्या पैशांत थोडी भर घालून मी मरीनाजवळच्या दुकानातून साधे रबरी सेलिंग बूट घेतले, जाड लोकरी मोजे घालून मापून पाहून, आणि पाण्यात पडल्यास पायाने झटकून काढता येतील इतके सैल. रबरातून घामाची वाफ बाहेर जात नाही, म्हणून दुपारी मोजे बदलावे लागतात.