शेअरपॉइंटसाठी पॉवर ऑटोमेट की एनएटएन (n8n)?
शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या फाइल-साठवण सेवेवरील कागदपत्रांना मंजुरीची प्रक्रिया जोडायची असेल, तर पॉवर ऑटोमेट हे कामे आपोआप करून देणारे मायक्रोसॉफ्टचेच साधन अधिक सोयीचे आहे, कारण त्याचा शेअरपॉइंट कनेक्टर (शेअरपॉइंटशी जोडणारा भाग) मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बहुतेक व्यावसायिक परवान्यांत समाविष्ट असतो आणि शेअरपॉइंटच्या लायब्ररीत (फाइलींच्या साठ्यात) नवी फाइल येताच वरिष्ठांना टीम्सवर मंजुरीची विनंती पाठवता येते. मात्र फ्लोची, म्हणजे अशा स्वयंचलित प्रक्रियेची, कोणतीही एक फेरी ३० दिवसांहून अधिक चालत नाही; महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या करारांसाठी ही मर्यादा मला खरोखर गंभीर वाटते. शिवाय बाहेरच्या एपीआयला (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी संवाद साधण्याच्या दुव्याला) एचटीटीपी विनंती, म्हणजे वेबवरून थेट मागणी, पाठवायची झाल्यास प्रीमियम परवाना लागतो. एनएटएन हे त्याच प्रकारचे साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते आणि त्यात एचटीटीपी नोडसाठी (अशी विनंती पाठवणाऱ्या टप्प्यासाठी) वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, परंतु एंट्रा या मायक्रोसॉफ्टच्या ओळख-व्यवस्थापन सेवेतील ॲपनोंदणी, परवानग्या आणि अद्ययावतीकरण हे सारे आपल्यालाच सांभाळावे लागते. तंत्रज्ञ हाताशी नसेल, तर या वाटेला जाऊ नये.