लाल कोबा, निळी ताडपत्री आणि माजघराचा रंग : नऊ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घराला आतून रंग दिला. आता दिवाळी तोंडावर आली आहे. मधे कडक उन्हाळा गेला, चार महिने पाऊस कोसळला, गणपती येऊन गेले. रंग दिल्यावर पंधरा दिवसांत लिहायला बसले असते तर सगळंच छान वाटलं असतं. पण आमच्याकडे भिंतीच्या रंगाची परीक्षा जून ते सप्टेंबर असते, म्हणून मुद्दाम थांबले.

घर वेंगुर्ल्यापासून थोडं आत, माडांच्या बागेत. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वरून पुढे कधीतरी केलेलं सिमेंटचं प्लॅस्टर, मंगलोरी कौलं, खाली लाल कोबा, दारं फणसाच्या लाकडाची. पुढे पडवी, मधे माजघर, बाजूला दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. माजघराला बाहेरच्या बाजूची खिडकी एकच. बाकी उजेड पडवीतून येईल तेवढा आणि वर एक काचेचं कौल आहे त्याचा. सकाळी दहा-साडेदहाला त्या कौलातून उन्हाचा चौकोन कोब्यावर पडतो आणि बारापर्यंत सरकत देवघराच्या उंबऱ्याशी जातो. हे सगळं सांगायचं कारण म्हणजे रंग निवडताना मी आधी हेच विसरले होते. फोनवर दिसलेल्या घरांचे फोटो जमवत बसले होते. राखाडी भिंती, पांढरे सोफे, मोठमोठ्या काचा. त्यातल्या एकाही घरात लाल जमीन नव्हती.

आमच्याकडे रंगकाम गणपतीच्या आधी करायची पद्धत आहे. मुंबईहून माणसं यायची असतात, घर उजळ दिसायला हवं, हे खरंच. पण श्रावणात चिऱ्याची भिंत पाणी पिऊन बसलेली असते. त्यावर प्लॅस्टिक इमल्शन मारलं की आतली ओल बाहेर यायला वाट शोधते आणि रंगाला फुगे धरतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका खोलीत हेच झालं, दिवाळीपर्यंत पापुद्रे हाताने निघायला लागले. म्हणून या वेळी फेब्रुवारी धरला. पेंटर म्हणाला, "वहिनी, आता कोण करता? गणपतीच्या तोंडार करूया." मी ऐकलं नाही, आणि नऊ महिन्यांनंतर सांगते, अख्ख्या कामातला सगळ्यात बरोबर ठरलेला निर्णय हाच.

जुना रंग खरवडायला पत्रा मारायला सुरुवात झाली तेव्हा माजघराच्या खुंटीजवळ एका जागी जुने थर एकाखाली एक उघडे पडले. सगळ्यात वर पिस्ता रंगाचं डिस्टेंपर, त्याखाली गुलाबी, त्याखाली पुन्हा पिस्ता पण फिका, आणि तळाला निळसर पांढरा चुना. सासूबाई काठी टेकत आल्या, बोट लावून म्हणाल्या, "ह्यो गुलाबी तुज्या वन्संच्या लग्नाचो." मग चुन्याच्या थरावर बोट थांबलं. तेव्हा चुना भिजवून, गाळून त्यात चिमूटभर नीळ टाकत. चुन्याची पिवळट झाक निळीने मारली जाते आणि पांढरा जास्त पांढरा दिसतो. कपड्यांच्या निळीचा हिशेब तोच. कसलंही शेड कार्ड नसताना त्या बायकांना एक रंग दुसऱ्याला कसा मारतो हे पक्कं ठाऊक होतं. त्या एका वीतभर भिंतीपाशी मी बराच वेळ बसले आणि फोनवर जमवलेले फोटो बाजूला ठेवले.

मग निवड उलट्या बाजूने केली. जे बदलणार नाही ते आधी मांडलं : कोब्याचा लाल, फणसाच्या लाकडाचा पिवळट तपकिरी, वरच्या वाश्यांचा काळपट आणि खिडकीतून येणारा हिरवा. हा हिरवा कुणी धरत नाही. पण माड, फणस आणि केळीतून गाळून आलेला उजेड भिंतीवर हिरवट होऊनच पडतो. गृहसजावटीत एक ठरलेलं प्रमाण सांगतात : साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा आणि दहा टक्के उठावाचा. ते वाईट नाही, पण कोकणातल्या जुन्या घरात त्यातले तीस टक्के जमीन आणि लाकडाने आधीच घेतलेले असतात. आपल्या हातात साठ आणि दहाच राहतात. हे समजल्यावर निवड फार सोपी झाली.

साठ टक्क्यांसाठी, म्हणजे माजघर आणि पडवीच्या भिंतींसाठी, किंचित पिवळ्याकडे झुकणारा पांढरा घेतला. शेड कार्डच्या मागे किंवा कंपनीच्या माहितीत बऱ्याचदा एलआरव्ही नावाचा आकडा असतो, तो बघा. रंग किती उजेड परत फेकतो याचा तो आकडा आहे : शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे शुभ्र पांढरा. एका खिडकीच्या माजघराला मी ७५ च्या खालचा रंग घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. मला आवडलेला मातकट बदामी रंग ५० च्या आसपास होता. सासूबाईंना दाखवला तर म्हणाल्या, "आधीच काय काळोख कमी हा गो?" आकडा न बघता त्यांनी तेच सांगितलं.

निवडीआधी नमुने केले. भिंतीवर ठिपके मारले नाहीत, कारण जुन्या पिस्त्याशेजारी कुठलाच रंग खरा दिसत नाही. लग्नपत्रिकेच्या जाड खोक्यांचे मोठे तुकडे कापून प्रत्येकावर दोन-दोन हात मारले आणि चार दिवस ते घरभर फिरवले. सकाळी सातला, दुपारी, संध्याकाळी दिवा लागल्यावर. एकदा खिडकीसमोर, एकदा कोपऱ्यात, आणि दर वेळी खालची कड कोब्याला टेकवून. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पिवळसर पांढरा कोब्याला टेकला की त्यावर हलकी गुलाबी उब चढते, कारण लाल जमीन उजेड वर फेकते. निळसर पांढरा तिथेच आजारी दिसतो.

एका खोलीत मात्र मी हे केलं नाही. उत्तरेच्या झोपायच्या खोलीसाठी फोटोतला राखाडी मनात बसला होता, तो नमुना न करता मारला. सुकल्यावर भिंत राखाडी दिसेचना, शेवाळी दिसायला लागली. पेंटरने दुसरा डबा आणून पाहिला, रंग तोच. दोष डब्यात नव्हता. लाल रंगाशेजारी ठेवलेला राखाडी डोळ्याला हिरवट दिसतो, कारण प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध टोकाकडे ढकलतो. पॅरिसच्या गोबेलॅं विणकामशाळेत शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो अशी तिथे तक्रार होती. त्यांनी तपासलं तर धाग्याचा रंग चांगलाच होता, शेजारी निळे-जांभळे धागे असल्यामुळे काळा मरत होता. १८३९ मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. आमच्या खोलीत त्यात उत्तरेचा थंड उजेड आणि बागेचा हिरवा मिसळला. मे महिन्यात ती खोली पुन्हा रंगवली, या वेळी राखाडीतच लालसर मातीची झाक असलेला रंग घेऊन, आणि खोक्याचा तुकडा आठ दिवस तिथे ठेवून. आता ती खोली खरंच राखाडी वाटते. दोनदा पैसे गेले त्याचं मला वाईट वाटतं, पण या एका खोलीने सगळ्यात जास्त शिकवलं.

आता पावसाचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दरवर्षीप्रमाणे पडवीला पश्चिमेकडून ताडपत्री बांधली. पूर्वी माडाच्या झावळ्यांची झापं असायची, हल्ली सगळीकडे निळी ताडपत्री. तिसऱ्या दिवशी माजघरात शिरले आणि मन खट्टू झालं. उबदार पांढऱ्या भिंती मेलेल्या, हिरवट राखी दिसत होत्या. बुरशी आली की काय म्हणून मी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, फडकं स्वच्छ. मग संध्याकाळी दिवा लावला आणि भिंत पुन्हा आपल्या रंगावर आली. तेव्हा लक्षात आलं. पडवीतून येणारा अख्खा उजेड निळ्या ताडपत्रीतून गाळून येत होता, आणि पिवळसर भिंतीवर निळा उजेड पडला की असंच होणार. दुसऱ्या दिवशी बाजारातून पांढऱ्या प्लास्टिकचा जाड कागद आणून निळ्याच्या जागी बांधला. झड तेवढीच अडते आणि भिंती जागेवर आल्या. भिंतीला हजारो रुपये घालून वर्षातले चार महिने निळ्या उजेडात बसणारी कितीतरी घरं आमच्या वाडीत आहेत. रंगाआधी हे बदला, मी कळकळीने सांगते.

दिव्यांचंही तसंच. आधी सगळीकडे ६५०० केल्विनचे पांढरेफटक एलईडी होते. त्यात पिवळसर पांढरी भिंत बर्फासारखी आणि लाकूड मातीसारखं दिसे. माजघरात आता ३००० चे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, लावले. सासूबाईंची तक्रार आली की तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत. ती रास्त होती. त्या बसतात तिथे ४००० चा एक वेगळा दिवा दिला. पावसात दुपारी तीनलाच दिवे लागतात, त्यामुळे आमच्या भिंतीचा खरा रंग वर्षातला बराच काळ दिव्यावरच ठरतो.

भिंतीच्या खाली, जमिनीपासून फूटभर, काव या लाल मातीच्या रंगाचा पट्टा ओढायचा हा माझा आग्रह. जुन्या घरांत तो असायचाच. या किनाऱ्यावरच्या देवळांत काव आणि चुना या दोनच रंगांत केलेली वेलबुट्टी पाहिली आहे, तोच लाल मनात होता. पट्ट्याने कोबा आणि भिंत यांच्यातला तुटकपणा गेला, पोतेऱ्याचे शिंतोडे, पायांचे डाग झाकले. पण पश्चिमेच्या भिंतीत ऑगस्टमध्ये ओल चढली आणि पट्ट्यावर क्षार फुटले. पांढऱ्या भिंतीवर दिसले नसते, लालवर मिठागरासारखे दिसतात. शिवाय मी तो पट्टा इमल्शनमध्येच मारून घेतला, त्याने भिंतीचा श्वास कोंडला. तिथे चुनाच हवा होता. चुना ओल बाहेर जाऊ देतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, दरवर्षी एक पातळ हात मारला की भागतं.

स्वयंपाकघराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चुलीच्या बाजूला धूर आहे, तिथे धुता येणारा किंचित चमक असलेला रंग मारला, तो पुसला जातो. हीच चमक माजघरात नको म्हटलं ते बरं झालं. चिऱ्यांवरचं हाताने केलेलं प्लॅस्टर उंचसखल असतं, चमकदार रंगात प्रत्येक खळगा दिसतो. मॅट तो झाकतो.

राहिले दहा टक्के. ते मी एकाच जागी घातले : गणपती बसतो ती भिंत. आमच्याकडे दरवर्षी ती नव्याने रंगवतात, कुणी चित्रं काढतात. सासूबाई म्हणाल्या, निळी कर. कुठली निळी विचारलं तर चुन्यात टाकायच्या निळीची पुडी पुढे केली. दुकानात पुडीशी जुळवून रंग बनवून घेतला. फेब्रुवारी ते ऑगस्ट मला ती भिंत जडच वाटायची, रिकाम्या माजघरात ओझं ठेवल्यासारखी. गणेश चतुर्थीला गणपतीवर माटवी, म्हणजे फळापानांनी सजवायची लाकडी चौकट, बांधली. हिरवे टाळे, कवंडळं नावाची शेंदरी रानफळं, नारळ, सुपारीचा शिपटा. निळ्यावर ती कवंडळं दिव्यासारखी पेटली. निळा आणि शेंदरी रंगचक्रात समोरासमोर बसतात हे मला माहीत होतं, तरी ते आपल्याच घरात, समईच्या उजेडात, ओल्या पानांच्या वासात बघणं वेगळं. मुंबईहून आलेली माझी नणंद, गुलाबी रंग जिच्या लग्नाचा तीच, हात जोडायचे विसरून नुसती बघत उभी राहिली.

याच भिंतीचे तोटेही सांगते. गडद मॅट रंगावर हाताचा पुसट डागही चमकतो, पुसायला गेलं तर घासलेली जागा उठून दिसते. अगरबत्तीच्या वर धुराचं करडं वर्तुळ आलंय. सप्टेंबरात खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या बुरशीचे ठिपके धरले, फिक्या भिंतीवर ते आले असते तरी कळले नसते. मला मान्य आहे. ही भिंत दर वर्षी एक हात मागणार, आणि तशीही ती दर वर्षी रंगतेच.

हिशेबाचं म्हणाल तर माजघराच्या साधारण ४२० चौरस फूट भिंतीला प्रायमरनंतर दोन हातांत सात लिटर रंग गेला. उबदार पांढरा नऊ महिन्यांनंतरही तसाच आहे, फक्त स्विचबोर्डांभोवती मळला. पडवीचा दर्शनी कोपरा झडीने थोडा पडला आहे, तो टच-अप करून भागेल. उरलेला लिटरभर रंग झाकण घट्ट लावून, डब्यावर खोली आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवला आहे. खोक्यांचे तुकडेही तिथेच, प्रत्येकाच्या मागे शेडचा नंबर.

दिवाळी झाली की पश्चिमेच्या भिंतीचा पट्टा खरवडायचा आहे. काव आणून ठेवली आहे. चुना भिजत घालायला सासूबाईंनी जुनी मातीची मडकी काढून धुऊन उन्हात पालथी घातली आहेत.